खुणेपर्यंतचा चहा

माझं अक्षर वाईट आहे. ऱ्हस्व-दीर्घ कुठं कसं द्यायचं ते मला नीट कधी कळलं नाही, आणि चौथीनंतर शाळा सुटली तेव्हा विचारायला कोणी राहिलं नाही. मुलीच्या, कोमलच्या, जुन्या वहीची मागची पानं कोरी उरली होती, त्यावर लिहिते आहे. वही कोणाच्या हातात पडलीच तर चुकांबद्दल माफ करावं. मी आजवर साधं पत्रसुद्धा लिहिलेलं नाही. पण एका माणसाबद्दल लिहून ठेवावंसं वाटतं. त्यांचं माझं नातं काही नाही. ते नाशिकला एका दवाखान्याच्या भिंतीला लागून चहा विकतात.

आमचे मालक, म्हणजे कोमलचे वडील, विंचूरच्या कांदा बाजारात हमाल होते. मी शेडवर कांदा निवडायला जाते, अजून जाते. मालकांच्या दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा त्यांचं वय बेचाळीस होतं. मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिसला नाशिकला जावं लागे. उपचार योजनेत फुकट होता. एसटीत माझं तिकीट अर्धं, त्यांचं पूर्ण. सकाळच्या गाडीनं निघायचं, निफाडवरून नाशिकला उतरायचं, दवाखान्यात नंबर लावायचा आणि नंबर येईपर्यंत बाहेर थांबायचं. मग चार तास ते मशीनला आणि मी भिंतीला. दोन वर्षं असं चाललं.

पहिल्या दिवशी नंबर लावून मालक म्हणाले, “चल, चहा घेऊ.” पत्र्याचं लहानसं दुकान होतं. मी रस्त्यातच उभी राहिले. आमच्याकडे बाया हॉटेलात बसत नाहीत. मी तर पाहुण्यांच्या घरीसुद्धा स्वयंपाकघरातच बसणारी. दुकानदाराने माझ्याकडे न बघता हातातल्या गाळण्याने आत दाखवलं.

“तो बाक बायांचा. भिंतीकडं तोंड केलेला आहे. तिथं तुमच्याकडं कोणी बघत नाही. मीपण नाही.”

मी जाऊन बसले. समोर नुसती भिंत. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

मग मालकांच्या मानेजवळची, डायलिसिसच्या नळीवरची पट्टी बघून दुकानदाराने विचारलं, “आज किती?”

“दोन द्या,” मालक म्हणाले.

“चहा नाही विचारला. वजन किती वाढलं?”

डायलिसिसच्या माणसाला लघवी होत नाही. जे पाणी पोटात जातं ते अंगातच राहतं, वजन वाढतं, आणि ते वाढलेलं पाणी मशीन काढून घेतं. म्हणून दिवसाला पाऊण लिटरच प्यायचं. पाणी, चहा, आमटी सगळं त्यात. हे आम्हाला दवाखान्यात सांगितलं होतं, पण इतक्या घाईत की आम्ही नुसत्या माना हलवल्या होत्या. समजावून सांगितलं ते या चहावाल्याने, पातेलं ढवळता ढवळता. आणि मालकांच्या पुढ्यात एक काचेचा ग्लास ठेवला. त्याला बुडापासून दोन बोटांवर कानशीने घासून आडवी खूण केली होती. चहा बरोबर त्या खुणेपर्यंत. वर नाही, खाली नाही.

“अहो, एवढ्यानं घसा पण ओला व्हायचा नाय,” मालक म्हणाले.

“घसाच ओला करायचा. पोट नाही.”

या चहावाल्यांना सगळे अण्णा म्हणत, थट्टा करायची असली की फोरमन. अंबडला एका कारखान्यात प्रेसवर बावीस वर्षं काम केलेलं. डाव्या हाताची दोन बोटं तिथंच गेली. मालकांनी एकदा विचारलं, “खरंच फोरमन होते का तुम्ही?” तर म्हणाले, “फोरमन असतो तर दहा बोटं असती.” हसले नाहीत. ते हसत नसतच. दुसरा कोणी हसला की त्याच्याकडे असं बघत, जणू यानं काहीतरी सांडलं आहे.

कारखान्यातली माप घ्यायची सवय त्यांच्या अंगात मुरली होती. आलं किती, साखर किती, गवती चहाची पात किती, सगळं ठरलेलं. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी स्टीलची लहान पट्टी असे. दिवसाचा पहिला चहा रस्त्यावर टाकायची चहावाल्यांची रीत आहे, धरणीला म्हणून. बाकीचे चांगला अर्धा पेला ओततात. अण्णा चमच्याने टाकत, एक चमचा.

“धरणीलापण मापच का?” मालकांनी विचारलं.

“तिचं काय अडलंय चहावाचून,” अण्णा म्हणाले.

मी कधी काही बोलत नसे. माझ्यासाठी ते भरलेला ग्लास ठेवत आणि पाठ फिरवत. मी निम्मा पिऊन ठेवून देई. तहानलेला माणूस मागच्या बाकावर असताना भरला ग्लास संपवणं मला जमत नसे. ते कधी का म्हणून विचारत नसत. पण महिनाभराने माझ्याही पुढे खुणेचाच ग्लास येऊ लागला, आणि पैसे अर्धे घेऊ लागले.

पंचवटीतले एक गृहस्थ आमच्याच वेळेला येत. बँकेतून रिटायर झालेले, इस्त्रीचा शर्ट, स्टोव्हला पंप मारल्यासारखा भडकणारा राग. एके दिवशी खुणेचा ग्लास बघून त्यांनी पन्नासची नोट बाकावर आपटली.

“भरून दे. भिकारी समजतो का?”

“पन्नास द्या नाहीतर पाचशे द्या. पातेलं माझं आहे.”

“चहाच्या टपरीवर बसून डॉक्टरकी करतोस!”

“फोरमनकी,” अण्णा म्हणाले.

गृहस्थ तावातावाने पलीकडच्या गल्लीत गेले. तिथं त्यांनी किती चहा घेतले ते देव जाणे. पुढच्या शुक्रवारी त्यांना दोघांनी धरून आणलं, श्वास लागलेला, पाय सुजून चपलेत मावत नव्हते. त्यातून ते वाचले. दहा-बारा दिवसांनी पुन्हा दुकानात आले, गुपचूप बसले.

“आज किती?” अण्णांनी विचारलं.

“साडेतीन किलो.” खाली बघून.

“मग आज खुणेच्या खाली.”

गृहस्थांनी तो एवढासा चहा औषधासारखा घेतला. जाताना म्हणाले, “येतो, फोरमन.” त्या दिवशी दुकानातले सगळे हसले. अण्णा फडक्याने बाक पुसत राहिले.

दवाखान्याच्या फाटकासमोर एक नारळपाणीवाला हातगाडी लावायचा. अण्णांचं आणि त्याचं हाडवैर. तो गाडी लावू लागला की हे रस्ता ओलांडून जात आणि त्याला पुढे हाकलत. तो शिव्या देई, दुसऱ्या दिवशी पुन्हा येई. मला वाटायचं, धंद्याचं भांडण असेल. उन्हाळ्यात चहा कोण पितो, सगळी गिऱ्हाइकं तिकडे जात असतील.

तशाच एका उन्हाळ्यात मालकांना फार अशक्तपणा आला होता. आजारी माणसाला नारळपाणी द्यावं हे आपण लहानपणापासून बघतो. शेडवरच्या हजेरीतून चाळीस रुपये मी पदराला बांधून आणले होते. त्यांना न सांगता नारळ घेतला. फोडलेला, नळी घातलेला नारळ दोन्ही हातांत धरून येत होते. अण्णा दुकानातून धावत आले आणि त्यांनी माझ्या हातावर फटका मारला. नारळ रस्त्यावर पडला, पाणी सगळं सांडलं. लोक थांबून बघू लागले. मला लाजेने मेल्यासारखं झालं. परक्या माणसाने हात उचलला, तोही भर रस्त्यात. मी बायांच्या बाकावर जाऊन भिंतीकडे तोंड करून रडत बसले.

बऱ्याच वेळाने माझ्या पाठीमागून त्यांचा आवाज आला. ते पातेल्याशी बोलत असावेत तसे बोलत होते.

“माझ्या बायकोला मी दोन पाजले. एका दुपारी. तिनं मागितला एक, मी दोन आणले. पिताना हसली. नारळात जे असतं ते आपली किडनी बाहेर टाकते. यांची टाकत नाही. ते साठतं आणि काळीज बंद पडतं. दिवेलागणीच्या आत गेली. हे सगळं मला डॉक्टरनं नंतर सांगितलं. आधी सांगितलं होतं का? सांगितलं असेल. मी मान हलवली असेल.”

मग बाकावर माझ्या शेजारी चाळीस रुपये ठेवले. नारळाचे. मी घेत नव्हते.

“घ्या. नारळ मी सांडला.”

त्यानंतर कधी त्यांनी बायकोचं नाव काढलं नाही. पण खूण का होती ते मला कळलं.

आता त्या मंगळवारचं लिहिते. ते लिहायचं म्हणूनच वही घेतली होती, आणि इतकी पानं दुसरंच लिहीत बसले.

आधीच्या शुक्रवारी कांद्याचा भाव पडला म्हणून शेतकऱ्यांनी हायवेवर रास्ता रोको केला होता. आमची गाडी चार तास एका जागी उभी राहिली. ट्रॅक्टर आडवे, मागे पुढे ट्रक. शेवटी वाहकाने परत फिरायला सांगितलं. तो डायलिसिस बुडाला. दवाखान्यात फोन केला तर म्हणाले, आता मंगळवारीच या, त्रास वाटला तर लगेच या. त्रास म्हणजे कोणता, हे आम्हाला कळलं नाही. त्रास तर रोजचाच होता.

मंगळवारी वजन साडेपाच किलो वाढलेलं. ओठ कोरडे पडून पापुद्रे आले होते, आणि पाय मात्र पाण्याने टरारलेले. नंबर दुपारी होता. अण्णांनी विचारलं, “आज किती?” मालकांनी सांगितलं. अण्णांनी खुणेचा ग्लास उचलला, परत ठेवला.

“आज नाही.”

“नाय म्हंजे?”

“आज एक घोटपण नाही. मशीनवरून उतरा, मग देतो.”

मालक आधी हसले. मग विनवणी करू लागले. इतक्या वर्षांत मी त्यांना कोणापुढे हात जोडताना बघितलं नव्हतं. शंभर किलोची गोणी पाठीवर घेणारा माणूस. “अण्णा, लय तहान लागली हो. एकदा भरून द्या. काठोकाठ. मग मेलो तरी चालंल.” अण्णा पातेल्याकडे बघत राहिले. मग मालक चिडले. “तुझी बोटं गेली ते बरंच झालं,” म्हणाले. “सगळाच हात जायला पाहिजे होता.”

अण्णांनी स्टोव्ह बारीक केला, एवढंच.

माझा खुणेचा चहा त्यांनी आधीच देऊन ठेवला होता. तो माझ्या हातात होता. मालक माझ्याकडे वळले. “तुझा दे गं.” मी भिंतीकडे तोंड करून बसलेली. मागे सगळे बघत आहेत हे मला कळत होतं. मी वळले नाही. कोणाला दिसणार नाही असा हात पदराआडून खाली नेला आणि ग्लासातला चहा बाकाखाली मातीत ओतून दिला. मग पिऊन संपवल्यासारखा रिकामा ग्लास त्यांना दाखवला.

थोड्या वेळाने नंबर आला म्हणून हाक आली. मालक उठून गेले. मशीन लावल्यावर तासाभराने त्यांचं काळीज थांबलं. कोणाचा दोष नव्हता, असं डॉक्टरांनी सांगितलं. पाणी फार झालं होतं, काळजावर ताण आला.

पुढचं मला तुटक आठवतं. मी कोणत्या तरी पायरीवर बसले होते. अण्णांनी दुकान बंद केलं होतं. ते दुकान दुपारी बंद झालेलं मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी कागदांवर माझ्या सह्या कुठं करायच्या ते दाखवलं. शववाहिका ठरवली. विंचूरपर्यंतचे साडेतीन हजार झाले. माझ्याकडे तिकिटापुरते होते. त्यांनी पैसे ड्रायव्हरच्या हातात मोजून दिले आणि खिडकीशी येऊन मला म्हणाले, “हे मी परत घेईन. पूर्ण घेईन. सावकाश द्या.”

त्या वेळी मला ते कठोर वाटलं. नवरा पायाशी झाकून ठेवलेला आणि हा माणूस पैशाचं बोलतो.

दशक्रिया नाशिकलाच, गोदावरीवर केली. माझे धाकटे दीर करणार होते. कोमलने अण्णांना फोन करून दिवस सांगितला होता, मला माहीत नव्हतं. पिंड ठेवले, सगळे मागे सरून उभे राहिलो. कावळे होते. कठड्यावर बसलेले, झाडावर बसलेले. एकही खाली येईना. मेलेल्याची इच्छा राहिली असली की कावळा शिवत नाही, हे सगळ्यांना ठाऊक. दीर हात जोडून म्हणाले, “दादा, कोमलचं शिक्षण मी करीन.” कावळा येईना. “वहिनीला अंतर देणार नाही.” येईना. एकेक जण काही ना काही कबूल करत गेला.

मला माहीत होतं. पण चार माणसांत तोंडातून शब्द फुटेना.

तेव्हा मागून अण्णा पुढे आले. हातात किटली होती. पायातल्या चपला काढल्या, पिंडाजवळ उकिडवे बसले आणि साध्या, बिनखुणेच्या ग्लासात चहा ओतला. काठोकाठ. इतका की ठेवताना थोडा बाहेर आला. ग्लासाकडे बघत म्हणाले, “घे बाबा. भरून आहे.”

आम्ही सगळे वाट बघत राहिलो. चहावर साय धरली. एक कावळा कठड्यावरून उडाला, आमच्या डोक्यावरून गेला आणि पलीकडच्या दुसऱ्या कोणाच्या पिंडावर बसला. दीड तास झाला. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि विधी पुरा केला. अण्णा तोवर उन्हात उभे होते. ग्लास त्यांनी पात्रात रिकामा केला, विसळला आणि निघून गेले.

महिन्याने मी दोनशे रुपये घेऊन नाशिकला गेले. एकटीने एसटीचा तो पहिलाच प्रवास. मला वाटलं होतं, ते म्हणतील, राहू द्या बाई. मनातून तेच हवं होतं, आणि तसं म्हणाले असते तर पुन्हा त्या दुकानात मला पाय ठेवता आला नसता, हेही कळत होतं. त्यांनी नोटा घेतल्या, डाव्या हाताच्या तीन बोटांत धरून मोजल्या. “तीन हजार तीनशे राहिले.” आणि खुणेचा चहा दिला. अर्धे पैसे घेतले.

तशी मी जात राहिले. शेडवर काम असेल त्या महिन्यात दोनशे, नसेल तेव्हा नाही. त्यांनी कधी फोन केला नाही, कधी सूट दिली नाही. पहिल्या गाडीने गेले की दुकान नुकतंच उघडलेलं असे. एकदा मी लांबूनच बघितलं. दिवसाचा पहिला चहा तयार झाला. अण्णांनी चमचा घेतला नाही. ग्लास भरला, काठोकाठ, आणि रस्त्याच्या कडेला जाऊन हळूहळू सगळा ओतला. दुसऱ्या वेळी गेले तेव्हाही तेच. पण दुकानात डायलिसिसचा माणूस आला की ग्लास तोच, खूण तीच. एक थेंब वर नाही.

एकदा दुकानात कोणी नव्हतं. मी भिंतीकडे तोंड करूनच विचारलं. त्यांच्याशी आपणहून बोललेलं ते पहिलंच वाक्य असेल.

“अण्णा, त्या दिवशी तुमचं बरोबर होतं का?”

“बरोबर होतं.” पातेल्यात बघत म्हणाले, “त्यानं काय होतं?”

मग स्टोव्हला पंप मारत म्हणाले, “तुम्ही बाकाखाली ओतलात ते मी बघितलं होतं. तुमचंपण बरोबर होतं.”

मला वाटलं होतं, ते कोणी पाहिलं नाही. तेवढं एकच मी कोणाला सांगितलं नव्हतं, कोमललासुद्धा नाही. मी रडले नाही. रडू आलं नाही. नुसतं कळलं की हे ओझं या दुकानात दोघांकडे आहे, आणि दोघांपैकी कोणाचंही हलकं होणार नाही.

सतरा वेळा दोनशे दिले. शेवटचे शंभर राहिले. शंभर रुपये काही जड नव्हते. तरी मी तीन महिने गेले नाही. हे संपलं की त्या रस्त्याला जायचं मला काही कारण उरणार नव्हतं. कोमलच म्हणाली, “आई, त्यांचे देऊन टाक.”

परवाच्या मंगळवारी गेले. अण्णा वाळले आहेत. खिशातली पट्टी आता शर्ट ओढून खाली लोंबते. त्यांनी मला बघितलं आणि खुणेचा ग्लास न घेता साधा घेतला. भरून चहा ओतला, बाकावर ठेवला, पाठ फिरवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी तो पूर्ण प्याले. गवती चहा जास्त होता. घसा भाजला, पण थांबले नाही.

तेवढ्यात रस्त्यावर एक जोडपं येऊन थांबलं. त्याच्या मानेला नवी पट्टी. बाई माझ्यासारखीच, डोक्यावर पदर, पिशवी छातीशी धरलेली, आत यायला धजत नव्हती. अण्णांनी गाळणं वर केलं.

“तो बाक बायांचा.” मग त्या माणसाकडे वळून, “आज किती?”

“एक द्या,” तो म्हणाला.

मी उठले आणि बाईला जागा दिली. पूर्ण चहाचे दहा रुपये वेगळे ठेवले. मग शंभरची नोट त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती तीन बोटांत धरली, ताणून सरळ केली, दोन्ही बाजूंनी बघितली. एकच नोट, तरी मोजल्यासारखी.

“झाले पूर्ण,” ते म्हणाले.